फ्लायवर वॉलआय, आणि एकाच माशाची गावोगावची नावं

सेंटपॉलकर

फ्लाय रॉडवर वॉलआय, म्हणजे इकडच्या उत्तर अमेरिकेतल्या नद्या-तळ्यांतला शिकारी मासा, खरंच लागतो का असं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून धागाच काढतोय. लागतो, छान लागतो, फक्त ट्राउटसारखी पाण्यावर तरंगणारी माशी टाकून बसलात तर नाही लागणार, कारण हा मासा जवळजवळ सगळा वेळ तळाशी असतो आणि खातो ते मुख्यतः छोटे मासे, जळवा, क्रेफिश असलं.

ज्यांनी फ्लाय कधी हातात घेतली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या नेहमीच्या गळाला शिसं लावतो आणि ते वजन दोरी ओढत नेतं. फ्लायमध्ये वजन दोरीतच असतं, जाडजूड दोरी हवेत मागेपुढे खेळवून फेकायची आणि टोकाची पिसांची-केसांची फ्लाय तिच्यामागून जाते. त्यामुळे कुठली दोरी घेता यावर सगळं आहे. वॉलआयला बुडणारी लाइन पाहिजे. मी ९ फुटी ७ वेट (मध्यम जड) रॉडला टाइप ६ ही लवकर बुडणारी लाइन लावतो, ती सेकंदाला साधारण ६ ते ७ इंच बुडते, म्हणजे १० फूट पाण्यात तळाला पोचायला १८-२० सेकंद. हे आकडे मनात मोजायचे, घाई करायची नाही. नवीन लोक ५ सेकंदात ओढायला लागतात आणि मग म्हणतात मासेच नाहीत. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला पातळ नायलॉनचा धागा, लांब ठेवू नका, ३-४ फूट पुरे, लांब ठेवला तर लाइन खाली आणि फ्लाय वर तरंगत राहते.

फ्लाय म्हणाल तर क्लाउझर मिनो. बॉब क्लाउझर नावाच्या पेनसिल्व्हेनियातल्या माणसाने १९८०च्या दशकात सस्केहाना नदीत स्मॉलमाउथ बाससाठी ही बांधली, हुकाच्या वरच्या बाजूला डंबेलसारखे जड डोळे बांधलेले असतात त्यामुळे हूक उलटा, टोक वर करून चालतो आणि दगडात कमी अडकतो. तळाशी राहणाऱ्या माशाला याहून चांगलं काय. रंग पोपटी-पांढरा, गढूळ पाण्यात नारिंगी किंवा काळा.

आणि वेळ! वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा प्रकाश परत फेकणारा थर असतो, म्हणून टॉर्च मारला की डोळे चमकतात. अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला नीट दिसत नाही, तीच त्याची जेवणाची वेळ. दिवस मावळताना, ढगाळ हवेत, गढूळलेल्या पाण्यात, किंवा वाऱ्याने तळ्यावर बारीक लाटा उठल्या की. इकडे मिनेसोटात त्याला वॉलआय चॉप म्हणतात. फ्लायवाले वाऱ्याला वैतागतात पण या माशासाठी वारा ज्या काठावर येऊन आदळतो तोच काठ धरायचा.

फ्लाय अगदी हळू ओढायची, थांबायचं, परत ओढायची. झटका क्वचितच बसतो, दोरी नुसती जड होते. जड वाटली की रॉड वर न उचलता डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेचा. रॉड उचललात की फ्लाय तोंडातून निसटते.

---

नवा_गळ

दादा खूप धन्यवाद, जपून ठेवतोय. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ. माझा गोंधळ नावापासूनच आहे. नदीपलीकडे कॅनडाच्या बाजूला लोक पिकरेल पिकरेल म्हणतात, माझ्या ऑफिसमधले एक वयस्कर गृहस्थ यलो पाइक म्हणतात, आणि यूट्यूबवर पिकरेल शोधलं तर लांब चोचीचा हिरवा मासा दिसतो जो वॉलआयसारखा अजिबात दिसत नाही. नेमकं कुणाचं ऐकायचं? लायसन्सच्या पुस्तकात तर प्रत्येकाचा नियम वेगळा आहे.

---

विनिपेगची_वैनी

हे मी सांगते कारण आमच्या मॅनिटोबात वॉलआय म्हणालात की लोकांना कळतं पण तुम्ही बाहेरचे आहात हेही कळतं. इथे तो पिकरेल. दुकानात पिकरेल, हॉटेलात पिकरेल, विनिपेग लेकवर गिमलीला जाल तर तिथेही पिकरेलच. आणि पिकरेलचे गाल म्हणून एक प्रकार मिळतो, माशाच्या गालातले गोल छोटे तुकडे, ते नुसते मीठ हळद तिखट लावून रव्यात घोळवून तळा, माझ्या सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा त्यांनी दुसरं काही मागितलंच नाही.

आता तुम्हाला दिसला तो लांब चोचीचा हिरवा मासा म्हणजे चेन पिकरेल, तो पूर्वेकडे असतो आणि तो पाइकच्या घराण्यातला. वॉलआय पर्चच्या घराण्यातला. नात्याने काही संबंध नाही. खऱ्या पाइकला म्हणजे नॉर्दर्न पाइकला आमच्याकडे जॅकफिश म्हणतात. स्वयंपाकघरात हा फरक महत्त्वाचा आहे, जॅकफिशच्या मांसात इंग्रजी वाय आकाराचे बारीक काटे असतात, पोरांना द्यायची भीती वाटते, आणि वॉलआयचं फिले मात्र नीट काढलं तर जवळजवळ काटा नाही. त्यामुळे कुणी पाइक दिला म्हणाले तर आधी कुठला ते विचारा.

एक काळजीचं, मोठ्या वॉलआयमध्ये पारा जास्त साठतो. गरोदर बायका आणि लहान मुलांनी किती खावा याचे सल्ले प्रांतागणिक, तळ्यागणिक छापलेले असतात, ते वाचूनच खा. खायला मध्यम आकाराचेच चांगले, चवीलाही.

---

सेंटपॉलकर

वैनी, अगदी बरोबर. @नवा_गळ, ओळखायची खूण सांगतो म्हणजे नावावर अवलंबून राहायला नको. शेपटीच्या खालच्या पात्याचं टोक पांढरं, आणि पाठीवरच्या काटेरी पराच्या मागच्या कोपऱ्यात काळा डाग, तो वॉलआय. त्याचा चुलतभाऊ सॉगर, त्याच्या त्या परावर ठिपक्यांच्या ओळी असतात आणि शेपटीला पांढरं टोक नसतं. दोघांचा संकर सॉगाय, तो दोघांचंही थोडं थोडं घेऊन येतो. मिसिसिपीत हे एकाच खड्ड्यात सापडतात.

आणि नावांची गंमत इथेच संपत नाही. ओझार्कच्या डोंगरात याला जॅक सॅल्मन म्हणायचे. आणि ज्या सस्केहाना नदीवर क्लाउझरने आपली फ्लाय बांधली, त्याच नदीत १९व्या शतकात वॉलआयला सस्केहाना सॅल्मन म्हणत! सॅल्मनशी नातं शून्य. समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी नवीन मासा बघितला, त्यांना घरचा जो मासा आठवला त्याचं नाव देऊन टाकलं. कुणाला पाइक आठवला, कुणाला सॅल्मन.

---

खाजणकाठ

सॅल्मनवरून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी अलिबाग तालुक्यातली, वॉलआय आयुष्यात बघितला नाही पण हे सगळं ओळखीचं वाटतंय. आपल्या रावसाला मुंबईच्या हॉटेलात इंडियन सॅल्मन लिहितात ते याच लोकांमुळे. रावस कुठे आणि सॅल्मन कुठे, रावसाच्या छातीच्या पराखाली लांब दोरे असतात, ते बघूनच कळतं. आणि हलव्याला ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात, तो पापलेटच्या घरातला नाहीच. बोंबलाला डक केलं त्याबद्दल तर बोलायलाच नको.

पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. बाहेरच्याने दिलेलं नाव आणि काठावरच्या माणसाने दिलेलं नाव यात फरक करा. आमच्याकडचा जिताडा घ्या. खाडीत, खाजणात, भातशेताच्या बाजूच्या तळ्यात वाढवलेला. जिताडा म्हटलं की आमच्या घरात पाणी कुठलं, मोसम कुठला, आमसूल किती घालायचं इथपर्यंत सगळं डोळ्यासमोर येतं. तोच मासा बंगाल्यांचा भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामंडी. माझ्या मामेभावाने मेलबर्नला बारामंडी मागवला आणि फोटो पाठवला, आईने बघून सांगितलं अरे हा तर जिताडा.

---

पणजीचो_झील

ताई, गोंयांत तो चोणक! आमच्याकडे चोणकाचं रवा फ्राय नसेल तर ते जेवण नव्हे. आणि तुमची सुरमई आमची इसवण, तुमची नगली ती आमची मुडदुशी. मुडदुशीला इंग्लिश मेनूवर लेडीफिश लिहितात आणि अमेरिकेत लेडीफिश म्हणून जो मासा आहे तो पूर्ण वेगळा, फ्लोरिडात लोक त्याला फ्लायवर खेळवतात आणि बहुतेक सोडून देतात कारण काटे फार. माझा मित्र तिथे गेला आणि लेडीफिश लागला म्हणून आनंदाने घरी नेला, पुढचं सांगायला नको.

सेंटपॉलकर, चोणकावरही तुमची ती क्लाउझर चालते बरं का. ऑस्ट्रेलियात बारामंडी हा फ्लायवाल्यांचा मोठा मान. त्याचे डोळेही रात्री टॉर्चमध्ये चमकतात, तोही संध्याकाळचा शिकारी. मी मांडवीत मॅन्ग्रोव्हच्या कडेला ओहोटी लागली की टाकतो, पाणी बाहेर पडायला लागलं की छोटे मासे मुळांतून निघतात आणि हा तोंडावर उभा असतो. फक्त लीडर जाड घ्या, गालफडाची म्हणजे कल्ल्यावरच्या झाकणाची कड ब्लेड आहे.

---

सेंटपॉलकर

गालफडाचं बरं आठवलं. वॉलआयचंही गालफड धारदार आणि पाठीचे काटे टोचतात, वर तोंडात सुळे. बासला धरतात तसा खालच्या जबड्यात अंगठा घालून धरू नका. ओला हात, डोक्यामागून घट्ट पकड. सुळे असले तरी तारेचा लीडर लागत नाही, पाइक जास्त असतील तिथेच छोटा तुकडा लावा.

---

लॉरेंसकाठी

माँट्रियलहून. आमच्याकडे दोरे. म्हणजे सोनेरी. वॉलआय दोरे जोन, सॉगर दोरे न्वार. मला या सगळ्या नावांत हेच आवडतं कारण पाण्यातून वर येताना कडेने जो पिवळा सोनेरी रंग मारतो तोच त्यात आहे, कुणाच्या आठवणीतला दुसरा मासा नाही. क्वेबेकच्या नियमांत दोरे असाच उल्लेख असतो, इंग्रजी आवृत्तीत वॉलआय, आणि काठावरचे इंग्रजी बोलणारे म्हातारे पिकरेल म्हणतात. तीन नावं एकाच धक्क्यावर. पण धक्क्यावर भांडण होत नाही, सगळे माशाकडे बोट दाखवून बोलतात.

---

प्राणीशास्त्र_मास्तर

धागा फार आवडला. शाळेत शिकवतो, म्हणून शास्त्रीय नावाची बाजू मांडतो. सँडर व्हिट्रिअस. व्हिट्रिअस म्हणजे काचेसारखा, त्या डोळ्यांवरून, अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ मिचिलने १८१८ साली वर्णन केलं. युरोपातला झांडर याचाच सख्खा, सँडर लुसिओपेर्का. हे नाव घेतलं की विनिपेग, माँट्रियल, डेट्रॉइट सगळे एकाच माशाबद्दल बोलतात. हां, प्रजातीचं नाव मध्यंतरी बदललं, जुन्या पुस्तकात स्टिझोस्टेडिऑन दिसेल, तो हाच.

नावाची किंमत कळायला ब्लू पाइकचं उदाहरण द्यावंसं वाटतं. ईरी आणि ऑन्टेरिओ या तळ्यांत निळसर राखाडी रंगाचा वॉलआय होता, त्याला ब्लू पाइक म्हणत, ट्रकच्या ट्रक भरून विकला जायचा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कोसळला आणि १९८३ साली नामशेष म्हणून जाहीर झाला. नंतरच्या जनुकीय अभ्यासात तो वेगळा उपप्रकार होता याला पुरावा मिळाला नाही. पण ज्या कोळ्यांनी त्यावर पोट भरलं त्यांच्यासाठी तो वेगळाच मासा होता, त्याची खोली वेगळी, त्याचा रंग वेगळा, आणि तो गेला हे तर खरंच आहे.

@खाजणकाठ ताई, तुमच्या मुद्द्यावर एक. आपल्या दख्खनी महासीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल सायक्सने १८३९ साली पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या माशावरून त्याचं वर्णन केलं आणि इथले लोक म्हणत तेच नाव लॅटिनमध्ये बसवलं. त्याने दुसऱ्या माशांना दिलेली कोलस, मुस्सुल्ला ही नावंही अशीच आपल्या नद्यांवरची. काठावरच्या माणसाचा शब्द शास्त्रात कायमचा राहिला. नदीत त्या माशाची अवस्था काय आहे ते पुणेकरांनी बघावं. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार करून सोडतात म्हणून निदान वंश तरी टिकलाय.

---

खाजणकाठ

मास्तर, हे माहीत नव्हतं, लेकीला वाचून दाखवलं. पण शास्त्रीय नाव बाजारात उपयोगाचं नाही हो. पाटीवर बसलेल्या बाईला सँडर व्हिट्रिअस विचारून कसं चालेल.

---

सेंटपॉलकर

बाजारात नाही, पण नियमात लागतंच, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त तिथेच लागतं. इकडे स्लॉट असतो, म्हणजे अमुक इंच ते तमुक इंच मासा सोडून द्यायचा, कारण त्या आकाराच्या माद्या अंडी घालतात आणि मोठी मादी लाखांनी घालते. मासा कुठला हेच नक्की नसेल तर कुठली पट्टी लावणार? महाराष्ट्रातही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरला आणि त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा केलं. सातपाटीचा माणूस सरंगा म्हणतो, मुंबईचा पापलेट म्हणतो, दोघांनाही तो कागद आपल्याच माशाचा वाटला पाहिजे तरच पिल्लं वाचतील. म्हणून माझं म्हणणं, नियमाच्या कागदावर शास्त्रीय नावाशेजारी काठावरची सगळी नावं छापा, चित्रासकट. खर्च काहीच नाही.

आणि काठावरची नावं म्हणताना इथल्या मूळ लोकांना विसरू नये. पिकरेल, पाइक, सॅल्मन हे सगळं नंतरचं. ओजिब्वे भाषेत हा ओगा. मिनेसोटाच्या उत्तरेला रेड लेक आहे, तिथला बराचसा भाग रेड लेक नेशन या ओजिब्वे टोळीचा. १९९०च्या दशकात अति मासेमारीने तिथला वॉलआय संपत आला. मग टोळीने आणि राज्याने मिळून १९९९ पासून वॉलआय धरणं बंद केलं, पिल्लं सोडली, आणि २००६ मध्ये परत उघडलं. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांनी स्वतःची जाळी वर्षानुवर्षं काढून ठेवली. माझ्या मते मासेमारीच्या इतिहासातलं हे फार मोठं काम आहे आणि वॉलआय धरणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं.

उलट मिनेसोटातल्याच मिल लॅक्स तळ्यात वेगळीच अडचण. २००५ मध्ये तिथे झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले छोटे शिंपले, सापडले. ते पाणी गाळत बसतात, पाणी स्वच्छ होतं, आपल्याला वाटतं छान झालं, पण अंधुक उजेडाच्या या माशाला राहायची जागाच कमी झाली. म्हणून बोट पाण्यातून काढली की बुचं उघडून सगळं पाणी काढायचं हा इथला कायदा आहे. फ्लायवाल्यांनी वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) आणि बूट वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात उतरू नये.

---

नवा_गळ

एवढं वाचून आता जायचंच. दोन शंका. माझ्याकडे बोट नाहीये, आणि बुडणारी लाइन अजून घेतली नाहीये, तरंगणारीच आहे. डेट्रॉइट नदीत एप्रिलमध्ये वॉलआय येतो म्हणतात, तिथे काठावरून जमेल का?

---

सेंटपॉलकर

डेट्रॉइट नदीत वसंतात ईरी लेकमधून वॉलआय वर चढतो, खूप येतो, पण तिथे पाणी खोल आणि ओढ जबरदस्त, तरंगणाऱ्या लाइनवर काठावरून फ्लाय तळाला जाणारच नाही. तिथले जुने लोक बोटीतून हातदोरी वापरतात, बोटीला स्प्रिंगची रीळ, तारेला जड शिसं, आणि दोर हातात धरून वर-खाली. @खाजणकाठ ताईंना ते बघून घरचं वाटेल.

---

खाजणकाठ

वाटलंच! आमचे आजोबा असंच बसायचे, बोटावर दोरी. गरवायला कसलं मशीन लागत नाही.

---

सेंटपॉलकर

खरंय. तर @नवा_गळ, तू नदीच्या भानगडीत न पडता रात्रीच्या उथळ पाण्याकडे जा. वॉलआय बर्फ वितळल्यावर पाणी ६ ते १० अंशांवर आलं की खडकाळ-खडीच्या उथळ जागेत अंडी घालायला येतो, त्या वेळी बऱ्याच ठिकाणी बंदी असते आणि नसली तरी त्यांना त्रास देऊ नये असं माझं स्पष्ट मत. त्यानंतर काही आठवडे आणि पुन्हा शरद ऋतूत तो अंधार पडल्यावर छोट्या माशांमागे काठाजवळ येतो, २-४ फूट पाण्यात. तिथे तरंगणारीच लाइन बरी. लीडर ७-८ फूट, हलकी क्लाउझर किंवा काळी वुली बगर नावाची फ्लाय. जागा शोधायची ती अशी की खोल पाणी जवळ हवं आणि त्यातून वर येणारा खडकाळ उंचवटा किंवा ओढ्याचं तोंड.

दिवसा एकदा जाऊन जागा पायाखालून घाल, दगड कुठे आहेत ते बघ. रात्री एकटा उतरू नकोस, लाइफ जॅकेट घाल, टॉर्च पाण्यावर मारू नकोस. आणि मिशिगनची नियमपुस्तिका यंदाचीच वाच, कारण सीझन, आकार, संख्या पाण्यागणिक बदलतं आणि पुस्तिकेत वॉलआय शोध, पिकरेल नाही.

सेंट पॉलला कधी आलास तर इथे मिसिसिपीचा पूल २ आहे, फोर्ड डॅमपासून हेस्टिंग्जच्या डॅमपर्यंत, तिथे वॉलआय धरून सोडायचाच असा नियम आहे, त्यामुळे मासे मोठे होतात. काठावरून जमतं. व्यनि कर, ७ वेटची एक जादा रॉड आहे माझ्याकडे, बुडणाऱ्या लाइनसकट.

---

नवा_गळ

ऑक्टोबरमध्ये येतोच दादा. वैनी, गालांची कृती सविस्तर टाका ना, सोडायच्या पाण्यात नाही धरणार, मिशिगनचा आणेन.

---

विनिपेगची_वैनी

टाकते. गाल काढायला छोटी टोकदार सुरी लागते, डोळ्याच्या खाली मागच्या बाजूला बोटाने दाबलं की मऊ गोल लागतो, त्याच्या कडेने सुरी फिरवायची आणि कातडीकडून उचलायचा. मीठ, हळद, तिखट, थोडं आमसुलाचं पाणी, १० मिनिटं. मग बारीक रवा आणि थोडं तांदळाचं पीठ. तेल चांगलं तापलेलं हवं, फार वेळ ठेवू नका, कडा सोनेरी झाल्या की काढा. लसूण नको, मासा नाजूक आहे.